बडोद्यातील जुन्या बेस गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर: घेताना काय तपासावे, विकताना काय सांगावे

बडोद्यात बेस गिटारचा जुना बाजार पंचांग पाहून चालतो. श्रावणात तो जागा होतो, गणपतीत तेजीत येतो, नवरात्राच्या आदल्या आठवड्यात कोणीही वाटेल तो भाव मागतो आणि दसरा उलटला की तीच वाद्ये मुकाट्याने परत विक्रीला येतात. याचे कारण उघड आहे. येथील गरब्याच्या ऑर्केस्ट्रामध्ये ढोल आणि की-बोर्ड यांच्या बरोबरीने बेस गिटार आता आवश्यक समजली जाते, आणि दर वर्षी काही हौशी मंडळी नऊ रात्रींच्या मानधनाच्या आशेवर वाद्य घेतात व हंगाम संपला की ते विकून मोकळी होतात. म्हणून ज्याला घ्यायचे आहे त्याने दसरा ते दिवाळी हा काळ धरावा आणि ज्याला विकायचे आहे त्याने श्रावणाच्या सुरुवातीलाच जाहिरात द्यावी. एवढे एक पथ्य पाळले तरी घासाघीस न करता बरेच पैसे वाचतात.

गेल्या अठरा वर्षांत मी चार बेस गिटार आणि तीन अ‍ॅम्प जुने घेतले, आणि त्यांतील बहुतेक पुढे विकलेही. त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. पैसे मोजावेत ते गिटारच्या दांडीसाठी आणि अ‍ॅम्पच्या स्पीकरसाठी. या दोन गोष्टी धड असतील, तर रंगाचे टवके, खरखरणारी बटणे, सैल झालेला जॅक, गंजलेल्या तारा हे सारे थोड्या खर्चात सुधारता येते. या दोन गोष्टी बिघडलेल्या असतील, तर वाद्य आरशासारखे लखलखत असले तरी ते घेऊ नये.

दांडीची परीक्षा

बेस गिटारच्या चार तारा मिळून दांडीवर सुमारे ७५ ते ८० किलोचा ताण देतात. हा ताण पेलण्यासाठी दांडीच्या आत एक पोलादी सळई बसवलेली असते, जिला ट्रस रॉड म्हणतात. ही सळई आवळली की दांडी मागे झुकते आणि सैल केली की तारांच्या ओढीने पुढे वाकते. विकत घेण्यापूर्वी पहिली गोष्ट करावी ती अशी: जाड तार एका हाताने पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि दुसऱ्या हाताने शेवटच्या फ्रेटवर दाबावी, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट उरते ते पाहावे. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी, म्हणजे साधारण ०.३ ते ०.४ मिलिमीटरची फट असावी. फट यापेक्षा बरीच मोठी असेल तर दांडी पुढे वाकली आहे, आणि फट मुळीच नसेल तर ती मागे गेली आहे. या दोन्ही गोष्टी सळईने दुरुस्त होतात, परंतु सळई फिरत असेल तरच. म्हणून विक्रेत्याला विनंती करून त्याच्याच हाताने सळईचा नट पाव फेरा सैल आणि पुन्हा पाव फेरा घट्ट करून घ्यावा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल किंवा त्याची खाच झिजून गुळगुळीत झाली असेल, तर भाव कितीही कमी असला तरी नमस्कार करून बाहेर पडावे.

वाकलेली दांडी सरळ होते. पिळलेली होत नाही. पीळ ओळखण्यासाठी गिटार डोळ्यांच्या पातळीवर धरून ब्रिजकडून, म्हणजे धडावर तारा जेथे अडकवतात तेथून, टोकाकडे, बंदुकीचा नेम धरावा तसे, एका डोळ्याने पाहावे. वरच्या आणि खालच्या कडा एकमेकींना समांतर दिसत नसतील तर त्या वाद्याचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. आपल्याकडे सतार दुरुस्त करणारे उत्तम कारागीर आहेत. १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांनी मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली तेव्हापासून या गावाला वाद्यांची सवय आहे. मात्र सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि ते सरकवता येतात, तर बेसचे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले असतात. त्यामुळे सतारीच्या कारागिराकडून चिरलेल्या लाकडाचे काम जरूर करून घ्यावे, पण फ्रेट आणि ट्रस रॉड यांचे काम त्यांच्या गळ्यात घालू नये.

त्यानंतर प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून एकेक स्वर सावकाश वाजवावा. चार तारा आणि वीस-एकवीस फ्रेट म्हणजे ऐंशी किंवा त्याहून अधिक स्वर होतात, आणि विक्रेता चुळबूळ करू लागतो. त्याला करू द्यावी. एखाद्याच ठिकाणी तार झणझणत असेल तर तेथील फ्रेट वर आला आहे किंवा झिजला आहे. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खोल खड्डे पडले असतील, तर ती गिटार भरपूर वाजली आहे आणि लवकरच फ्रेट बदलावे लागतील, हा खर्च मनात धरूनच भाव करावा. बाराव्या फ्रेटपाशी तारेची उंची दोन ते अडीच मिलिमीटर असली तर हाताला सोयीची वाटते. पुढे बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच तार दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दोन्ही जुळत नसतील तर ब्रिजवरील खोगीर, म्हणजे तार जेथे टेकते तो तुकडा, मागेपुढे करून ते जुळवता येतात; खोगिराचा स्क्रू गंजून बसला असेल तर मात्र अडचण आहे. पावसाळ्यात घेतलेल्या गिटारची दांडी हिवाळ्यात थोडी हलते आणि आकसलेल्या लाकडाबाहेर आलेली फ्रेटची टोके बोटाला टोचू लागतात. हा दोष नव्हे, हवामान आहे. बारीक कानशीने ती घासून घेतली की झाले.

विजेच्या भागांसाठी खिशात साधा मल्टिमीटर ठेवावा. गिटारला केबल लावून, आवाजाचे बटण पूर्ण उघडून, केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनवर रोध मोजावा. पिकअप म्हणजे तारांची कंपने विजेत बदलणारा भाग; प्रिसिजन आणि जॅझ या बेसच्या दोन प्रसिद्ध धाटणी. प्रिसिजन धाटणीच्या पिकअपचा आकडा साधारण १० ते ११ किलो-ओहम, तर जॅझ धाटणीच्या एका पिकअपचा ७ ते ८ किलो-ओहमच्या आसपास येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर पिकअपची तार तुटलेली आहे किंवा कुठेतरी सांधा सुटलेला आहे. ही कसोटी बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह गिटारला लागू पडत नाही. तिचे मागचे झाकण उघडून नऊ व्होल्टच्या बॅटरीतून पाणी सुटले आहे का, ते पाहणे पुरेसे असते. अशा गिटारमध्ये केबल रात्रभर लावून ठेवली की बॅटरी उतरते, आणि विक्रेता जेव्हा "आवाज थोडा दबका आहे" असे म्हणतो तेव्हा निम्म्या वेळा कारण एवढेच असते.

चार तारा की पाच

पाच तारांची गिटार घ्यावी की चार तारांची, हा प्रश्न आपल्याकडे पट्टीवरून सोडवावा. चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर ई, म्हणजे पांढरी तीन हा असतो आणि त्याची कंपनसंख्या सेकंदाला ४१ च्या जवळ असते. गायिकेची पट्टी पांढरी दोन असेल तर खालचा षड्ज या गिटारवर मिळत नाही आणि वरच्या सप्तकातल्या षड्जावर समाधान मानावे लागते. पाचवी तार बी या स्वरात, म्हणजे ३१ कंपनांच्या आसपास मिळवलेली असते, आणि तिच्यावर पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन, काळी दोन हे सगळे षड्ज सापडतात. भावगीतांच्या आणि गरब्याच्या साथीत ही सोय फार मोलाची ठरते. परंतु स्वस्त पाच-तारी गिटारवर ही जाड तार ओल्या दोरीसारखी ढिली वाजते. शंका असेल तर त्याच पैशांत चांगली चार-तारी घ्यावी.

बेस गिटारची नेहमीची तारेची लांबी ३४ इंच असते. फेंडर कंपनीने १९५१ मध्ये पहिली प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हापासून तोच प्रघात चालू आहे. लहान हातांच्या वादकांना ३० इंचांची गिटार सोपी जाते, मात्र ती पुढे विकताना गिऱ्हाईक कमी मिळते. यामाहा, आयबानेझ, कोर्ट आणि स्क्वायर यांच्या मधल्या किमतीच्या गिटार येथे सहज विकल्या जातात, कारण लोकांनी ती नावे ऐकलेली असतात. टोकावर फेंडरचे नाव असूनही भाव आश्चर्यकारकरीत्या कमी असेल, तर ते नाव नंतर चिकटवलेले आहे असे गृहीत धरावे आणि मूळ बिल पाहिल्याशिवाय पुढे बोलू नये.

अ‍ॅम्प: पाहण्यापेक्षा ऐकावा, ऐकण्यापेक्षा हुंगावा

विक्रेत्याने मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओवरून अ‍ॅम्पची पारख करता येत नाही. फोनचा इवलासा स्पीकर ४१ कंपनांचा स्वर उमटवूच शकत नाही; आपण ऐकतो ते त्या स्वराचे वरचे अंश असतात. फाटक्या स्पीकरचा आवाज त्यात चांगला वाटू शकतो आणि चांगल्या स्पीकरचा पातळ. प्रत्यक्ष जावे, आपली गिटार आणि आपली केबल घेऊन जावे, आणि दुपारी एक ते चार ही वेळ टाळावी, कारण सोसायटीतील शेजाऱ्यांच्या वामकुक्षीच्या भीतीने विक्रेता आवाज वाढवू देत नाही.

अ‍ॅम्प चालू करण्यापूर्वी स्पीकरची जाळी काढता येत असल्यास ती काढावी. दोन्ही हातांची बोटे पसरून कागदी कोन हलकेच आत दाबावा आणि सोडावा. तो सरळ आत जाऊन निमूट बाहेर यायला हवा. आत वाळू घासल्यासारखे जाणवले तर आतले वेटोळे लोहचुंबकाला घासत आहे आणि तो स्पीकर बदलावा लागणार आहे. मल्टिमीटरने रोध मोजल्यास आठ ओहमच्या स्पीकरवर साधारण सहा ओहम दिसतात; त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मग अ‍ॅम्प चालू करून, गिटार न जोडता, आवाज अर्ध्यावर न्यावा. हलका सू-सू आवाज चालतो, घुमणारी हुं चालत नाही. ती बहुधा आतल्या फुगलेल्या कपॅसिटरमुळे येते. गिटार जोडून खालची तार सुटी वाजवावी आणि पंधरा मिनिटे तसेच वाजवत राहावे, कारण कित्येक दोष अ‍ॅम्प तापल्याशिवाय प्रकट होत नाहीत. आवाज मधूनच बुडत असेल तर मागच्या बाजूच्या सेंड आणि रिटर्न या दोन छिद्रांना एका छोट्या केबलने जोडून पाहावे. आवाज परत आला तर त्या छिद्रांतील पत्री काळी पडली आहे एवढेच, आणि हा दोष दाखवून भाव उतरवता येतो.

आता हुंगण्याविषयी. २०१९ च्या जुलैअखेर बडोद्यात एका दिवसात जो पाऊस झाला आणि विश्वामित्री नदीच्या पुराने जे केले ते कोणी विसरलेले नाही. त्याच वर्षी दिवाळीनंतर मी शहराच्या एका सखल भागातून एक कॉम्बो अ‍ॅम्प, म्हणजे स्पीकर आणि अ‍ॅम्प एकाच पेटीत असलेला, फार स्वस्तात घेतला. तो दोन महिने उत्तम वाजला, नंतर घुमू लागला आणि एके संध्याकाळी ऐन कार्यक्रमात गप्प झाला. उघडून पाहिला तर सर्किटवर वाळलेल्या गाळाची पातळ साय बसलेली होती आणि पेटीच्या आतल्या बाजूस पाण्याने आखलेली रेघ स्पष्ट दिसत होती. २०२४ च्या ऑगस्टमध्ये नदी पुन्हा घरांत शिरली, त्यामुळे ही सूचना आजही लागू आहे. पेटीच्या तळाचे लाकूड फुगून कडा फाकलेल्या आहेत का, खालचे स्क्रू वरच्यांपेक्षा जास्त गंजले आहेत का, रबरी पायांच्या खाचांत माती आहे का, हे पाहावे आणि मागच्या झरोक्याला नाक लावून खोल श्वास घ्यावा. पुराच्या पाण्याचा कुबट वास पॉलिशने झाकला जात नाही.

बडोद्यातील अनेक घरांत कोणी ना कोणी अमेरिकेत असते, आणि परतताना काहींनी तिकडचे अ‍ॅम्प आणलेले असतात. तेथील वीज १२० व्होल्टची, जपानमधील १०० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. मागील पाटीवर १०० ते २४० असा पल्ला लिहिलेला असेल तर चिंता नाही. नुसते १२० लिहिलेले असेल तर पुरेशा क्षमतेचा व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागेल, आणि त्याचे वजन व किंमत दोन्ही सौद्यात धरावीत. तीन पिनांच्या प्लगातील अर्थिंगची जाड पिन कापलेली आढळली, तर ती रंगमंचावरील घुमणारा आवाज घालवण्यासाठी कोणीतरी कापलेली असते. हे काम जिवावर बेतू शकते, कारण धातूच्या तारांवर हात ठेवून उभा असलेला वादकच मग विजेचा जमिनीकडे जाणारा मार्ग ठरू शकतो. असा प्लग बदलल्याशिवाय अ‍ॅम्पला हात लावू नये.

किती वॉटचा अ‍ॅम्प घ्यावा, याविषयी लोक उगाच मोठ्या आकड्यांच्या मागे लागतात. वॉट दुप्पट केल्याने आवाज केवळ तीन डेसिबलने वाढतो. गरब्याच्या मोठ्या मैदानावर बेसचा आवाज डीआय बॉक्समधून, म्हणजे गिटारचा सिग्नल साउंड सिस्टिमला जुळवून देणाऱ्या छोट्या डबीतून, थेट मुख्य साउंड सिस्टिममध्ये जातो, आणि अ‍ॅम्प केवळ वादकाला स्वतःचे वाजवणे ऐकू यावे म्हणून असतो. त्यासाठी शंभर वॉटचा कॉम्बो पुष्कळ झाला. घरी रियाजाला वीस-तीस वॉट पुरतात. सुटे हेड (स्पीकर नसलेला अ‍ॅम्प) आणि कॅबिनेट (स्पीकरची पेटी) घेणाऱ्याने मात्र ओहमचा हिशेब शिकून घ्यावा: आठ ओहमचे दोन कॅबिनेट जोडले की चार ओहम होतात, चार ओहमचे दोन जोडले की दोन ओहम. ज्या हेडवर किमान चार ओहम लिहिलेले आहे त्याला दोन ओहमचा भार दिला तर ते तापून जळते. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारे, हेड तर स्पीकर जोडल्याविना क्षणभरही चालू करू नये. आणि साध्या गिटारचा अ‍ॅम्प "बेसलाही चालतो" असे कोणी म्हणाले, तर तो त्यालाच चालू द्यावा. खालच्या स्वरांनी त्याचा स्पीकर फाटतो.

विकण्याच्या बाजूने

विकताना माझा नियम असा आहे की जो दोष गिऱ्हाइकाला सापडेल तो आपणच आधी सांगावा. आपण सांगितलेल्या दोषाचे दोनशे रुपये कमी होतात, त्याने शोधलेल्या दोषाचे दोन हजार, कारण मग त्याला न दिसलेल्या आणखी चार दोषांची शंका येते. जाहिरातीत पुढून, मागून, टोकाचा, ब्रिजचा, फ्रेटचा आणि प्रत्येक टवक्याचा जवळून काढलेला असे फोटो दिवसाच्या उजेडात काढून द्यावेत. वजनही लिहावे, चार किलोच्या पलीकडची गिटार नऊ रात्री खांद्यावर घेणे सोपे नसते आणि जाणकार ते विचारतातच. विक्रीपूर्वी नव्या तारा घालण्याचा खर्च करू नये, कारण बेसच्या तारा महाग असतात आणि ते पैसे परत मिळत नाहीत. फिंगरबोर्ड पुसून, दांडी नीट बसवून, बटणांत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून ठेवावे, तेवढे पुरते.

किमतीचा माझा अंदाज असा की, चांगल्या स्थितीतील गिटारला आजच्या नव्या किमतीच्या निम्म्याहून थोडे अधिक मागावे आणि अ‍ॅम्पला निम्म्याहून थोडे कमी. आपल्या मराठी माणसाला भाव सांगायचा संकोच वाटतो. "तुम्हीच सांगा काय ते" असे तो म्हणतो आणि समोरचा गुजराती गृहस्थ आनंदाने सांगतो. आकडा आधी आपण उच्चारावा. "छेल्लो भाव?" असे फोनवर विचारणाऱ्याला वाद्य पाहायला बोलवावे, शेवटचा भाव वाद्य हातात घेतल्यावरच सांगायचा असतो.

जो गिऱ्हाईक वाद्य न पाहता, घासाघीस न करता, पूर्ण रक्कम ताबडतोब पाठवायला निघतो आणि त्यासाठी आपल्याला क्यूआर कोड स्कॅन करायला सांगतो, तो भामटा असतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. फसवणूक झालीच तर क्षणाचाही विलंब न लावता सायबर फसवणुकीच्या तक्रारींच्या १९३० या क्रमांकावर फोन करावा. घेणाऱ्यानेही आगाऊ रक्कम पाठवू नये. पैसे जमा झाल्याचे विक्रेत्याने गिऱ्हाइकाच्या फोनवरील चित्रावरून ठरवू नये, आपल्या बँकेच्या खात्यात पाहावे.

सौदा झाला की एका कागदावर वाद्याचे नाव, अनुक्रमांक, रक्कम, तारीख आणि सांगितलेले दोष लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मूळ बिल असल्यास तेही सोबत द्यावे. अनुक्रमांक घासून काढलेली गिटार घेऊ नये. चोरीचे वाद्य घेणारा पोलिसांपुढे निरुत्तर होतो. वाद्य अहमदाबादला किंवा सुरतेला बसने पाठवायचे असेल, तर तारा दोन-तीन स्वर उतरवाव्यात, अ‍ॅक्टिव्ह गिटारची बॅटरी काढावी, दांडीच्या टोकाखाली आणि सांध्याखाली जुनी चादर दाबून भरावी, जेणेकरून टोक पेटीत अधांतरी राहणार नाही. अ‍ॅम्पची बटणे पुठ्ठ्याने झाकावीत, व्हॉल्व्ह काढता येत असतील तर काढून वेगळे गुंडाळावेत, आणि पेटी बंद करण्यापूर्वी गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर सगळे दाखवून घ्यावे.